लघुप्रबंधातील रिकामा रकाना

पर्यावरण-जीवशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी नांदेड आणि लातूर भागातून जे लघुप्रबंध सादर होतात, त्यांत एखाद्या जलाशयाच्या पाण्याचे आणि प्लवकांचे अध्ययन हा विषय पुनःपुन्हा आढळतो. याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले ते नांदेडजवळ विष्णुपुरीला, आणि गोदावरीवरील जलाशयही तेथेच आहे. लातूरच्या विद्यार्थ्यापुढे मांजरेवरील धनेगावचे धरण असते. ते बीड जिल्ह्यात मोडत असले तरी लातूर शहराची तहान त्यावर अवलंबून आहे. शिवाय साधने थोडी लागतात. सेक्कीची पांढरी तबकडी १८६५ पासूनची, विंकलरची प्राणवायू मोजण्याची रीत १८८८ ची. एक प्लवक-जाळी आणि एक सूक्ष्मदर्शक मिळाला की कामास प्रारंभ करता येतो. त्रिवेदी आणि गोयल यांचे कऱ्हाडहून प्रसिद्ध झालेले पद्धतिविषयक पुस्तक अनेक प्रयोगशाळांच्या टेबलावर असते. तेव्हा विषय जुना आहे, ही तक्रार आम्ही करीत नाही. आमची तक्रार हा लघुप्रबंध ज्या रीतीने ‘पूर्ण’ केला जातो तिच्याविषयी आहे.

पूर्णतेची आपल्याकडील कल्पना कोष्टकाची आहे. आडवे महिने, उभे गुणधर्म. तापमान, सामू, प्राणवायू, काठिण्य, क्लोराइडे. आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. चौकटी भरल्या की प्रबंध बांधणीस जातो. पुढे सरासरी, शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सूत्राने काढलेला विविधतेचा निर्देशांक, आणि शेवटी पेयजलाच्या मानकाशी तुलना. ही तुलना तर बहुधा अस्थानीच असते. आयएस १०५०० हे मानक पिण्यासाठी पुरविल्या जाणाऱ्या पाण्याचे आहे. धरणातील कच्च्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्गीकरण लावावयास हवे, ज्यात प्रक्रिया करून प्यावयाच्या पाण्याच्या ‘क’ वर्गासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू पुरेसा मानला आहे. परंतु हा दोष मार्गदर्शकाने एका वाक्यात दुरुस्त करता येण्याजोगा आहे. खरा दोष अधिक खोल आहे: हे कोष्टक अशा प्रदेशातील पाण्यासाठी आखलेले असते, की जेथे पाणी बारमाही असते.

२०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचा जलाशय कोरडा पडला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली; तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या महिन्यात धनेगावच्या पाण्याचा सामू किती होता, असे विचारणे हास्यास्पद ठरेल. पण आपले कोष्टक नेमके तेच विचारते. अशा वेळी विद्यार्थ्यापुढे तीन मार्ग उरतात. आडवी रेघ मारावी; शेवटच्या डबक्यातून बाटली भरून तिला जलाशय म्हणावे; किंवा मार्चच्या आकड्यात थोडा फेरफार करून एप्रिल सजवावा. तिसऱ्या मार्गाला आपण खोटेपणा म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्या खोटेपणाला परीक्षकांचाही हातभार लागतो, हे कबूल केले पाहिजे. मौखिक परीक्षेत रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून “येथे निरीक्षण का नाही?” असे दरडावून विचारणारा परीक्षक आम्ही पाहिला आहे, भरलेल्या रकान्यावर बोट ठेवून “या दिवशी काठ कोठे होता?” असे विचारणारा क्वचितच.

याला शैक्षणिक वर्षाचीही जोड आहे. दुसऱ्या वर्षाचे वर्ग पावसाळ्यात सुरू होतात, विषय ठरेपर्यंत पाऊस ओसरतो, आणि उन्हाळी परीक्षेच्या धास्तीने फेब्रुवारीतच जाळी धुऊन ठेवली जाते. म्हणजे जलाशय आकसतो, क्षार एकवटतात, शेवाळ दाटते आणि मासे गुदमरतात, तो एप्रिल-मेचा काळ बहुतेक प्रबंधांच्या बाहेर राहतो. दिवसाचेही तसेच. नमुना सकाळी दहा-अकराला घेतला जातो, कारण एस. टी. त्याच सुमारास पोहोचते. शेवाळाने भरलेल्या पाण्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी सर्वाधिक असतो. समुद्रसपाटीच्या दाबाला ३० अंश तापमानाचे पाणी हवेतून लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. कोष्टकात त्याहून पुष्कळ मोठा आकडा आला, तर ते उन्हात वाढलेले शेवाळ असेल अथवा अनुमापनातील चूक असेल. वेळ नोंदविली नसेल तर या दोहोंतला भेद वाचकाने करावा कसा? एका महिन्यात तरी विद्यार्थ्याने काठावर रात्र काढून दर तीन तासांनी नमुना घ्यावा. बारा महिन्यांच्या बारा आकड्यांपेक्षा ते आठ आकडे पुष्कळ अधिक सांगतील.

नांदेडकडील अडचण वेगळी आहे. तेथे पाणी असते, पण ते ऋतूच्या आज्ञेत नसते. विष्णुपुरीची पातळी पावसाइतकीच दरवाजांवर, उपशावर आणि वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यावर ठरते. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावयाचे असतात. तेथील प्लवकांच्या दृष्टीने वाहत्या नदीचा अंत आणि साचल्या पाण्याचा आरंभ ही तारीख ठरविते. ऑक्टोबरअखेरच्या आणि नोव्हेंबरच्या नमुन्यांत फरक दिसला की विद्यार्थी ‘हिवाळ्याचा परिणाम’ असे लिहून मोकळा होतो. दरवाजांच्या नोंदी पाटबंधारे खात्याकडे असतात. त्या मागविण्याचे एक पत्र लिहिल्याने प्रबंधाची किंमत किती वाढेल, याचा विचार आमचे विभाग करीत नाहीत, हे खेदाने म्हणावे लागते.

आता पुन्हा त्या रिकाम्या रकान्याकडे. पाणी गेले म्हणजे जीवशास्त्र संपले असे नाही. पाणी हटू लागताच उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. त्या पिकाला दिलेले खत आणि फवारलेले औषध पुढच्या पावसात जलाशयात उतरते. गाळपेरीचे क्षेत्र पावलांनी मोजून नकाशावर काढणे हे पर्यावरणाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे काय? भोयांच्या जाळ्यात त्या दिवसांत काय येते, हेही विचारावे. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो प्राणवायू खालावलेल्या डबक्यातही तगतो. रोहू-कटला तगत नाहीत. प्राणवायूच्या आकड्याशेजारी ही मासळीची नोंद ठेवली, तर आकडा बोलू लागतो. पण भोयांची माहिती ‘संदर्भ’ ठरत नाही, असा समज रूढ आहे; आणि माशांची मराठी नावे तर कित्येक प्रबंधांतून गाळलीच जातात.

आणि मुख्य गोष्ट गाळात आहे. जलपिसवांसारखे प्राणिप्लवक आणि अनेक चक्रधर प्राणी प्रतिकूल काळ आला की टणक कवचाची सुप्त अंडी टाकतात. ती कोरड्या चिखलात वर्षानुवर्षे टिकतात. या जलपिसवांच्या वर्गावर मायकेल आणि शर्मा यांचा ग्रंथ ‘भारतीय प्राणिसंपदा’ मालेत १९८८ साली आला, तेव्हा ओळख पटविण्यासाठी केवळ १९५९ च्या अमेरिकन ग्रंथावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली धरणांतील गाळ शेतांत नेला जात आहे. शेतीला त्याचा लाभ आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु वरच्या थरातील गाळाबरोबर अंड्यांचा साठाही जातो. मग पाणी परत आल्यावर पहिले प्लवक कोठून आणि किती वेळाने येतात? २०१६ च्या पावसाळ्याअखेर धनेगाव पुन्हा भरले. कोरड्या तळापासून भरल्या धरणापर्यंतचा तो प्रवास म्हणजे निसर्गाने आपल्या दारात मांडलेला प्रयोग होता, आणि असा प्रयोग या प्रदेशात पुन्हा होणार नाही असे कोणी म्हणणार नाही.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. मे महिन्यात तळाच्या तीन-चार ठिकाणांहून वरचा दोन बोटे जाडीचा गाळ घ्यावा, सावलीत वाळवावा, ठिकाण व दिनांक लिहून ठेवावा. मग काचेच्या बरणीत गाळून उकळून निवविलेले पाणी घालून ती खिडकीपाशी, पण थेट उन्हात नव्हे, ठेवावी, आणि रोज सकाळी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. एका बरणीत गाळ न घालता नुसते पाणी ठेवावे, म्हणजे बाहेरून आलेला जीव ओळखता येईल. कोणत्या दिवशी काय हलताना दिसले, ते लिहावे. एप्रिल आणि मेच्या चौकटींत आडवी रेघ तशीच राहू द्यावी, आणि तिच्याखाली या बरण्यांच्या नोंदीचा पृष्ठांक घालावा.