हात धुताना विचारलेला प्रश्न

हेलन केलरची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना एका दृश्यापुरती माहीत असते. कुणालाच न आवरणारी, न पाहू शकणारी, न ऐकू शकणारी मुलगी. कडक बाई. झटापट. मग पाणी, आणि मुलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश. विल्यम गिब्सनच्या ‘द मिरॅकल वर्कर’ नाटकावरून आर्थर पेनने १९६२ साली केलेल्या सिनेमात मुलगी जेवणाच्या टेबलावर बाईंच्या अंगावर जगमधलं पाणी फेकते. बाई तिला फरफटत अंगणातल्या पंपापाशी नेतात, जग परत भरायला लावतात, आणि तिथे तिला ‘पाणी’ हा शब्द कळतो. संजय लीला भन्साळीच्या ‘ब्लॅक’मध्ये (२००५) पंपाच्या जागी कारंजं आहे आणि अमिताभ बच्चनचा शिक्षक मुलीला थेट त्या पाण्यात लोटतो.

दोन्हीकडे क्रम एकच. आधी मुलीला वठणीवर आणायचं, मग ज्ञान. जवळजवळ शिक्षा भोगता भोगता शब्द सापडतो.

अ‍ॅन सलिव्हनने त्याच दिवशी, म्हणजे ५ एप्रिल १८८७ रोजी लिहिलेल्या पत्रात मात्र फरफट नाही, फेकलेलं पाणी नाही, भांडणसुद्धा नाही. सकाळी हात-तोंड धुताना हेलनला पाण्याचं नाव हवं झालं. तिची विचारायची पद्धत ठरलेली होती: वस्तूकडे बोट दाखवायचं आणि बाईंचा हात थोपटायचा. बाईंनी तळहातावर बोटांनी अक्षरं काढून दाखवली आणि विषय डोक्यातून काढून टाकला. नाश्ता झाल्यावर त्यांना सुचलं की या नव्या शब्दाने एक जुना गुंता सुटेल. हेलन ‘मग’ आणि ‘दूध’ या शब्दांची कायम गल्लत करायची, कारण दोन्हींचा संबंध तिच्या लेखी ‘पिणं’ या एकाच क्रियेशी होता. म्हणून दोघी पंपाच्या खोलीत गेल्या. एका हातात मग, त्यावर गार पाणी, दुसऱ्या हातावर अक्षरं. मग हातातून पडला. पुढच्या काही तासांत मुलीने तीसेक नवे शब्द घेतले.

म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या धड्याची सुरुवात विद्यार्थिनीच्या प्रश्नाने झाली होती. सिनेमांनी नेमका तो प्रश्नच कापला. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला लहान वाटत नाही.

ही पत्रं ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या १९०३ च्या पुस्तकातच आहेत. पहिला भाग हेलनचं आत्मकथन, पुढे तिची पत्रं, आणि शेवटी संपादक जॉन मेसीने लावलेला भाग, ज्यात बाईंची पत्रं येतात. पुस्तक आता स्वामित्वहक्कातून मोकळं झालंय, गुटेनबर्गवर फुकट मिळतं, फोनवर आरामात वाचता येतं. बहुतेक जण आत्मकथन संपलं की थांबतात. मी उलट सुचवेन: आधी शेवटचा भाग वाचा.

लिहिणारी बाई तेव्हा वीस वर्षांची आहे. लहानपणी डोळ्यांच्या आजाराने दृष्टी अधू झालेली, आई गेल्यावर धाकट्या भावासोबत ट्यूक्सबरीच्या अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रमात टाकलेली. भाऊ तिथेच गेला. पुढे बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली आणि १८८६ मध्ये वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. ३ मार्च १८८७ ला ती अलाबामातल्या टस्कम्बिया गावी केलर कुटुंबाकडे नोकरीला लागली. पत्रं आहेत पर्किन्समधल्या मिसेस हॉपकिन्सना, ज्या तिला आईसारख्या होत्या. त्यामुळे ती उपदेश करायला लिहीत नाही. आज काय केलं, काय फसलं, उद्या काय करून बघते, असं लिहिते.

पहिल्या पत्रात तिचा बेत आहे की घाई करायची नाही, आधी मुलीचं प्रेम मिळवायचं, निव्वळ जबरदस्तीने काही करायचं नाही. लगेच नाश्त्याची ती प्रसिद्ध लढाई येते. हेलन सगळ्यांच्या ताटांत हात घालायची, घरचे घालू द्यायचे, बाईंनी आपल्या ताटात घालू दिला नाही. घरचे उठून गेले, बाईंनी दाराला कुलूप लावलं. मुलीने चिमटे काढले, आणि प्रत्येक चिमट्याला बाईंनी चापट मारली. हे त्यांनी स्वतः लिहिलंय, लपवलेलं नाही. चमच्याने खाणं झालं, मग नॅपकिनची घडी घालायला लावण्यात आणखी एक तास. मुलीला उन्हात सोडून बाई आपल्या खोलीत गेल्या आणि पोटभर रडल्या. काही दिवसांत त्या मुलीला घेऊन बागेतल्या छोट्या घरात राहायला गेल्या आणि मत पूर्ण फिरलं: आज्ञापालनाशिवाय ना ज्ञान आत शिरतं ना प्रेम.

जगाने हेच वाक्य उचललं. नाटक, सिनेमा, शाळेतली प्रेरणादायी भाषणं, सगळीकडे हाच बोध. आपल्याकडेही ‘लाडाने बिघडलेलं पोर आणि वाकवणारे गुरुजी’ हा साचा तयारच होता, त्यात ही गोष्ट अलगद बसली. सांगायचंच तर घरच्यांचा आडमुठेपणा खराच होता. बागेतल्या घरातून परतल्यावर हेलनने नॅपकिन लावायला नकार दिला, बाईंनी ताट उचललं, तेव्हा वडील म्हणाले की माझ्या घरात कुठल्याही कारणाने मुलाला उपाशी ठेवायचं नाही. आपल्या सगळ्यांच्या घरात हे वाक्य कुणी ना कुणी म्हटलेलं आहे.

पण पंपानंतर पाचच दिवसांनी बाईंचं मत पुन्हा फिरतं, आणि हे दुसरं फिरणं कुणाच्या लक्षात नाही. १० एप्रिलच्या पत्रात त्या ठरीव वेळेचे धडे बंद करतायत. कारण काय, तर त्या हेलनच्या पंधरा महिन्यांच्या चुलत-मावस नात्यातल्या बाळाकडे बघत बसल्या होत्या. नाक कुठंय विचारलं की बाळ नाकाला बोट लावतं. दार कुठंय विचारलं की दाराकडे बघतं. बोलता एक अक्षर येत नाही, पण कळतं पुष्कळ. म्हणजे समजणं आधी, बोलणं नंतर, आणि बाळाला कुणी ‘आज आपण तीन शब्द शिकू’ म्हणून खुर्चीत बसवत नाही. मग हेलनलाच का बसवायचं? बाळाच्या कानात बोलतात तसं आपण तिच्या तळहातात बोलू. पूर्ण वाक्यांत, दिवसभर. तिला जे कळेल ते कळेल, बाकीचं हावभावांनी आणि तिच्या खुणांनी भरून काढू. दोन आठवड्यांत पत्रं सांगतात की जमतंय. मे महिन्यात तर बाई मण्यांच्या माळा, पट्ट्या वगैरे बालवाडीचं साहित्य आणखी पाठवू नका म्हणून कळवतात: सुरुवातीला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून वापरलं. खास मुलांसाठीच्या खास, गुंतागुंतीच्या पद्धतींवरच त्यांचा संशय सुरू होतो.

हे वाचताना मी थांबलो. विशेष शिक्षणाच्या नावाखाली जे दिसतं त्यात बहुतेक वेळा मुलाला देण्याची भाषा मोजून, चिरून दिलेली असते. एक कार्ड, एक शब्द, बरोबर आलं की टाळी. ही वीस वर्षांची मुलगी म्हणते, जी भाषा त्याच्यापर्यंत पोचत नाही ती कमी करू नका, जास्त करा. आणि ती हे तत्त्व म्हणून मांडत नाही. बाळाकडे बघितलं, म्हणून करून बघते, एवढंच.

आमच्या कामात सर्व्हर कोसळला की नंतर पोस्टमॉर्टेम नावाचा दस्तऐवज लिहितात. तो वाचताना सगळे शहाणे वाटतात, कारण लिहिताना शेवट माहीत असतो. शिक्षकांचे सल्ले बहुतेक असेच असतात, निकाल लागल्यावर लिहिलेले. सलिव्हनच्या पत्रांची खरी किंमत त्यांच्यावरच्या तारखांमध्ये आहे. ११ मार्चला तिला ५ एप्रिल माहीत नाही. म्हणून ‘आज्ञापालन आधी’ हे वाक्य तारीख काढून भिंतीवर चिकटवलं की ते खोटं होतं. एका थकलेल्या, रडून उठलेल्या मुलीचा तो एका आठवड्याचा निष्कर्ष आहे, आणि महिन्याभरात तिनेच त्याच्या पुढे पाऊल टाकलंय. सिनेमा पंपापाशी संपतो, त्यामुळे त्याला ते पाऊल दाखवायचीच गरज पडत नाही. ‘ब्लॅक’ निदान पदवीपर्यंत जातो, पण तिथवरही शिक्षक ओरडतच राहतो.

पत्रांवर आंधळा विश्वास ठेवा असं म्हणत नाहीये. ती मेसीने निवडून छापलेली आहेत, हॉपकिन्सबाईंची उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. हेलनच्या आठवणीशी ताडून बघितलं तर मजेशीर फटी दिसतात. हेलनच्या आत्मकथनात नाश्त्याची लढाई नाहीच. पाण्याच्या दिवसाबद्दल तिला आठवते ती रागाने जमिनीवर आपटून फोडलेली बाहुली, आणि शब्द कळल्यावर ते तुकडे जोडायची धडपड. ती पहिल्यांदा कष्टी झाली ती तेव्हा. बाईंच्या पत्रात बाहुली नाही. बाईंना मग आठवतो, मुलीला बाहुली. वर्गातल्या एकाच तासाच्या या दोन नोंदी एकाच पुस्तकात मिळणं दुर्मीळ आहे.

आणि एक मर्यादा मोठी आहे. एक शिक्षिका, एक मुलगी, दिवसाचे चोवीस तास, खर्च करू शकणारं घर. मुंबईत हेलनच्या नावाने १९७७ पासून बधिरांध मुलांची संस्था आहे, २०१६ च्या कायद्यात बधिरांधत्वाची नोंद आहे, पण गावातल्या शाळेत पन्नास पोरांपुढे उभ्या असलेल्या शिक्षकाला ‘दिवसभर हातात बोला’ सांगणं म्हणजे थट्टाच. पत्रांतून त्याला उचलता येईल ती पद्धत नाही, बघण्याची सवय आहे.

तसं बघणारं त्या घरात बाईंच्या आधीही कुणीतरी होतं. स्वयंपाकीणबाईंची कृष्णवर्णीय लेक मार्था वॉशिंग्टन, हेलनपेक्षा थोडी मोठी. बाईंच्या पत्रांत तिला फारशी जागा नाही. हेलनच्या आठवणींत आहे, आणि हेलन सरळ सांगते की मार्थाला माझ्या खुणा कळायच्या. पाव हवा असेल तर कापून लोणी लावल्याची नक्कल. आइस्क्रीम हवं असेल तर यंत्र फिरवल्याची खूण आणि अंगावर शहारा. गिनी कोंबड्यांची अंडी शोधायला जायचं असेल तर दोन्ही मुठी मिटून जमिनीवर ठेवायच्या: गवतात काहीतरी गोल. मार्था लगेच निघायची. अंडी सापडली की मात्र घरी न्यायची ती हेलननेच. मार्थाला हात लावू द्यायची नाही, वाटेत पडून फोडेल म्हणून.