कंठ आणि पियानो : पोलिन व्हियार्दो यांच्या गानविद्येचा विचार

गायकाचा कंठ हा मुदतीचा ऐवज असल्यामुळे, एखाद्या गायिकेच्या थोरवीचा निवाडा करताना तिने रंगभूमी किती गाजविली एवढ्यावर न थांबता, ती मुदत सरल्यावर तिच्यापाशी शिष्यांना देण्याजोगे काय उरले, हेही पाहणे अगत्याचे ठरते. पाश्चात्त्य अभिजात गायनात या कसोटीस पूर्णपणे उतरणारी कारकीर्द पोलिन व्हियार्दो (१८२१–१९१०) यांची होय.

रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मध्ये १८१६ साली काउंट अल्माव्हिव्हाची भूमिका प्रथम वठविणारे मान्वेल गार्सिया हे त्यांचे वडील. ते शिष्यांना तालीम देत तेव्हा पियानोची साथ ही बालिकाच करी. लिस्टकडे वादनाचे आणि रायखाकडे संगीतरचनेचे पाठ घेतलेल्या पोलिनचा ओढा वादनाकडेच होता. परंतु मातेच्या आग्रहाने त्यांनी गायन पत्करले, आणि १८३९ साली लंडनमध्ये डेस्डेमोनाच्या भूमिकेने त्यांची रंगभूमीवरील कारकीर्द सुरू झाली.

त्यांचा आवाज निर्दोष नव्हता. त्यातील रुक्षतेची नोंद समकालीनांनी केलेली आहे. तरीही मेयरबेअरच्या 'ल प्रोफेत'मधील फिदेस (१८४९) आणि बर्लिओझने सिद्ध केलेल्या संहितेनुसार सादर झालेल्या ग्लुकच्या संगीतिकेतील ऑर्फे (१८५९) या भूमिकांनी त्यांनी पॅरिस जिंकले. युरिडिसी गमावल्यावरच्या विलापात तेच पालुपद पुनःपुन्हा येते. ते प्रत्येक खेपेस शोकाची निराळी अवस्था घेऊन यावे, ही त्यांची योजना होती. असा विचार केवळ गोड गळ्यास सुचत नाही. संपूर्ण स्वररचना जिच्या बोटांखालून गेलेली आहे, स्वरसंवाद कोठे पालटतो आणि त्यायोगे शब्दाचे वजन कसे बदलते हे जिला ठाऊक आहे, अशा गायिकेसच तो साधतो.

१८६३ साली रंगभूमीचा निरोप घेऊन बाई बाडेन-बाडेनला गेल्या, आणि तेथे देशोदेशींच्या शिष्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. पुढे १८७१ ते १८७५ या काळात त्यांनी पॅरिसच्या कॉन्झर्व्हातवारमध्ये अध्यापन केले. देझिरे आर्तो व मारियान्ने ब्रांट या त्यांच्या मातबर शिष्या. अभिजात गीतांचा सटीप संग्रह संपादून त्यांनी गायनातील खाचाखोचांचा दस्तऐवजच मागे ठेवला, आणि शोपँच्या माझुर्कांना गायनरूप देऊन वाद्य व कंठ यांतील अंतर किती थोडे आहे हे सिद्ध केले.

आज मात्र गायन आणि पियानो यांची खाती बहुधा निरनिराळी मांडली जातात. कंठसाधना गुरूकडे, आणि कृती बसवून घेणे साथीदाराकडे, अशी वाटणी रूढ झाल्याने गायकाचे तंत्र सुधारते, पण रचनेचा अर्थ लावण्याची जबाबदारी परस्वाधीन होते. प्रत्येक गायकाने मैफली वादक व्हावे असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु आपण गातो ती रचना स्वतः वाजवून पाहण्याइतपत अधिकार त्यास असलाच पाहिजे. गायनाच्या अभ्यासक्रमात याची तरतूद होईल, तरच आवाज उतरल्यावरही गायकाजवळ शिकविण्यासारखी विद्या शिल्लक राहील.