न वाजलेला ठोका

माळेगावच्या यात्रेतला लावणीचा मंडप असो, नांदेडमधला भीमजयंतीचा ऑर्केस्ट्रा असो की लातूरकडचा एखादा हरिनाम सप्ताह. कीबोर्डवाला वाद्य सुरू करायचं बटण दाबतो आणि भल्यामोठ्या स्पीकरांतून काहीच येत नाही. ही शांतता कोणीतरी बसून रचलेली आहे, आणि मला तर त्या वाद्यातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो.

वीज मिळताच आतल्या अँप्लिफायरचं व्होल्टेज शून्यावरून पुरवठ्याच्या निम्म्यावर उसळतं. स्पीकरला उसळी आणि सूर यांतला भेद कळत नाही. तो 'धप्प' करून मोकळा होतो. म्हणून आवाजाच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ग्राउंडकडे उघडणारा ट्रान्झिस्टर बसवतात. प्रोसेसर सावरेपर्यंत, व्होल्टेज स्थिरावेपर्यंत जे काही येईल ते हा ट्रान्झिस्टर ग्राउंडमध्ये जिरवतो. त्याची निवडही चोखंदळ असते. ध्वनीची लहर शून्याच्या वरही जाते आणि खालीही. साधा ट्रान्झिस्टर उलट्या दिशेला दुबळा पडतो. तोशिबाचा २एससी२८७८ खास म्यूटिंगसाठी, म्हणजे आवाज गप्प करण्यासाठी घडवलेला, उलट्या दिशेलाही दमदार.

खरी कसोटी वाद्य बंद होताना लागते. लोडशेडिंगची वर्षं काढलेल्या मराठवाड्याला लाइट जाणं नवं नाही. अडॉप्टरवरच्या वाद्याचा पुरवठा ऐन गाण्यात कोसळतो. मग गप्प करणाऱ्या ट्रान्झिस्टरने वीज कुठून आणायची? इथली युक्ती दाद घेऊन जाते. एक कपॅसिटर डायोडमधून आधीच भरून ठेवलेला असतो. पुरवठा आहे तोवर एक पीएनपी ट्रान्झिस्टर त्याची वाट अडवतो. पुरवठा ढळला की तोच ट्रान्झिस्टर उघडतो आणि बांधून ठेवलेली ही शिदोरी म्यूटिंगच्या ट्रान्झिस्टरांना पोचते. अँप्लिफायर शेवटचा आचका देईपर्यंत आवाजाची वाट बंद झालेली असते. येताना सबुरी, जाताना तातडी: एवढ्याशा मंडलात दोन्ही लयी नेमक्या सांभाळल्या आहेत.

याच वाद्यातली वीज वाचवण्याची सोय मात्र इतकी रसिक नाही. शेवटची पट्टी दाबल्यापासून प्रोसेसर वेळ मोजतो आणि मुदत भरली की मुख्य पुरवठा तोडतो. यामाहाच्या अनेक मॉडेलांत ही मुदत मुळात ३० मिनिटांची ठेवलेली असते. सेलवर वाजवणाऱ्याचे पैसे वाचतात, हे खरं. पण कीर्तनकार निरूपणात रंगला की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. वाजवणारा कान देऊन बसलेला असतो आणि यंत्र समजतं, इथे कोणीच नाही. मग चाल धरायच्या क्षणी पट्टी मुकी! बऱ्याच वाद्यांत ट्रान्सपोज करून लावलेला स्वरही जातो, तो पुन्हा लावेस्तोवर टाळकरी पुढे निघून गेलेले.

यामाहाच्या पीएसआर मालिकेतल्या अनेक वाद्यांत सर्वांत डावीकडची पट्टी दाबून धरून वाद्य सुरू केलं की ही सोय बंद होते. सप्ताहात वाजवणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी उरकून घ्यावं.