मधल्या दोघांची गोष्ट

मराठीत ‘चौकडी’ हा शब्द फारसा प्रतिष्ठित नाही. चौघे एकत्र आले की त्यांच्या हातून काही तरी उपद्व्याप होणार, अशीच आपली समजूत. म्हणून युरोपीय संगीतातील ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला नेहमी अडवतो. अखेर मी ‘चौकडी’च पत्करली; कारण ज्या चौघांविषयी येथे लिहायचे आहे, त्या ‘अमॅडियस क्वार्टेट’लाही तिकडची संगीतातली मंडळी थट्टेने ‘वुल्फ गँग’, म्हणजे लांडग्यांची टोळी, म्हणत. वोल्फगांग अमॅडियस मोझार्ट या नावावरची ती कोटी.

चौकडीत दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चार वाद्ये असतात. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आकाराने जरा मोठा आणि आवाजाने खर्जाकडे झुकलेला. चेलो त्याहून पुष्कळच मोठा, बसून गुडघ्यांच्या मध्ये धरण्याचा. समोर छडी हलवणारा कोणी नसतो, ठेका धरणारा तबलजी नसतो. प्रत्येकाच्या पुढ्यात असतो तो फक्त त्याच्या स्वतःच्या वाद्याचा कागद. बाकीच्या तिघांचे काय चालले आहे, हे त्याने कानाने ओळखायचे आणि शेजाऱ्याच्या श्वासावरून आपले गज उचलायचे. या विद्येला वर्षे लागतात, आणि ती एकट्याने घरी बसून शिकता येत नाही. नेमकी हीच गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता या चौघांची हकीकत पाहा. नॉर्बर्ट ब्रायनिन, सिग्मंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे तिघेही यहुदी घरांतले आणि तिघेही व्हायोलिन वाजवणारे. हिटलरने १९३८ साली ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ही मुले जीव वाचवून इंग्लंडात आली. तेथे १९४० साली इंग्रज सरकारने त्यांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून छावण्यांत डांबले. ज्याच्या भीतीने पळाले त्याचेच हस्तक म्हणून कैद व्हावे, असा हा दैवाचा खेळ! पण एका छावणीत ब्रायनिनची शिडलॉफशी गाठ पडली आणि आयल ऑफ मॅन बेटावरच्या दुसऱ्या छावणीत शिडलॉफची निसेलशी. सुटल्यावर तिघेही मॅक्स रोस्टाल या नामांकित शिक्षकाकडे शिकू लागले. रोस्टाल स्वतः निर्वासित. त्याने या मुलांकडून फी घेतली नाही. लंडनचाच मार्टिन लव्हेट हा तरुण चेलोवादक येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली. संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची कन्या इमोजेन हिने पैशाची तजवीज केली, आणि १० जानेवारी १९४८ रोजी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये ‘अमॅडियस’ या नावाने त्यांची पहिली बैठक झाली.

माझे लक्ष मात्र एका निराळ्याच गोष्टीवर खिळते. एका गुरूचे तीन शिष्य, तिघेही व्हायोलिनवाले, आणि चौकडीत पहिले व्हायोलिन एकच! ब्रायनिन पहिल्या जागी बसला. निसेलने दुसरे व्हायोलिन पत्करले. आणि शिडलॉफने तर व्हायोलिनच बाजूला ठेवून व्हायोला हाती घेतला. आपल्याकडचा चरित्रकार येथे लगेच ‘त्याग’ हा शब्द लिहील आणि वाचकाचे डोळे ओले करील. मला तो शब्द खोटा वाटतो. त्यागात हातचे काही जाते. या दोघांचे काय गेले आणि त्यांना काय मिळाले, हे त्यांचे वादन ऐकूनच ठरवले पाहिजे.

त्यासाठी मोझार्टची १७८५ सालची एक रचना घ्यावी. तिला ‘डिसोनन्स’, म्हणजे विसंवादाची चौकडी, असे नाव पडले आहे. आरंभी चेलो एकच स्वर ठोक्याठोक्याने वाजवीत राहतो. त्याला आपण षड्ज मानू. त्यावर व्हायोला हलकेच कोमल धैवत लावतो. मग दुसरे व्हायोलिन कोमल गंधार घेऊन येते. ऐकणाऱ्याच्या मनात एक उदास छाया पसरते न पसरते, तोच पहिले व्हायोलिन वरून चक्क शुद्ध धैवत लावते! कोमल धैवत कानांतून अजून गेलेलाही नसतो. आपल्या रागसंगीतावर वाढलेल्या कानाला हा धक्का इंग्रज श्रोत्याहूनही अधिक जाणवावा. पण विचार करा, हा धक्का दिला कोणी? पहिल्या व्हायोलिनने नव्हे. व्हायोलाने कोमल धैवत मन लावून, जणू आता दुसरे काही यायचेच नाही अशा खात्रीने लावला, म्हणून पुढचा शुद्ध धैवत बोचतो. शिडलॉफचा व्हायोला तो स्वर असा लावतो की आपण फसतो. निसेलचा गंधार त्या फसवणुकीला साक्षीदार उभा करतो. कादंबरी लिहिणाराला हे चांगले ठाऊक असते: नायकाच्या तोंडचे वाक्य वाचकाला लागते, ते आधी दुय्यम पात्राने घरातली हवा तयार केलेली असते म्हणून.

तेव्हा मधल्या दोघांनी काही सोडले असे नाही. त्यांनी दुसरीच महत्त्वाकांक्षा धरली. आपले नाव ऐकू यावे यापेक्षा रचना ऐकू यावी, ही ती महत्त्वाकांक्षा.

स्तुतीच करावयाची तर टीकाकाराची गरज काय? या चौघांत दोषही होते. ब्रायनिनच्या स्वराचे कंपन कधी कधी फार गोड होते; हळुवार भागांत तो मिठाईवर आणखी पाक ओततो असे वाटते, आणि अशा वेळी मधले दोघे त्याच्या मागे झाकले जातात. बीथोव्हेनच्या उत्तरायुष्यातील चौकड्यांना हवा असलेला कठोरपणा या वादनात नेहमीच सापडतो असेही नाही. नव्या संगीताकडे त्यांचा ओढा बेताचाच. तरी बेंजामिन ब्रिटनची तिसरी चौकडी १९७६ च्या डिसेंबरात, संगीतकाराच्या मृत्यूनंतर पंधराच दिवसांनी, जगापुढे प्रथम मांडली ती याच चौघांनी.

पुढे १९८७ साली शिडलॉफ वारला. चाळीस वर्षे एकही माणूस बदलला नव्हता. उरलेल्या तिघांनी नवा व्हायोलावादक शोधला नाही, चौकडी मिटवली. याउलट अमेरिकेतील जुलियर्ड चौकडी १९४६ साली स्थापन झाली आणि माणसे बदलत चालत राहिली. तिच्या मूळ चौघांपैकी शेवटचा रॉबर्ट मान १९९७ साली निवृत्त झाला, तरी चौकडी चालूच राहिली. एकीला घराणे म्हणावे, दुसरीला घर. घराणे शिष्यांतून चालते. घरातले माणूस गेले की त्याच्या जागी दुसरे आणता येत नाही. कोणते श्रेष्ठ, हा वाद मी घालणार नाही. पण पहिल्या व्हायोलिनसाठी नव्हे, तर व्हायोलासाठी चौकडी संपावी, यातच मधल्या माणसाची किंमत कळते.

आणि आपल्याकडे? मेहली मेहतांनी १९४० साली मुंबईत ‘बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट’ काढली होती. पण चौकडीत बसून पोट भरण्यासाठी त्यांनाही पुढे पन्नाशीच्या सुमारास फिलाडेल्फियाच्या कर्टिस चौकडीत जावे लागले. गोव्यातील चर्चच्या शाळांनी पोर्तुगीज अमदानीत पिढ्यान्पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले. ती मुले मुंबईस आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. ज्या गाण्यांवर आपण जीव टाकला, त्यांतली व्हायोलिने पुष्कळदा त्यांचीच. पण तबकडीवर त्यांची नावे नव्हती. शिक्षण होते, हात होते. चौघांनी मिळून जगावे एवढी ऐकणारी माणसे मात्र नव्हती. हा दोष वाजवणाऱ्यांचा नव्हे, ऐकणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा-माझा.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एकच तक्रार घेऊन पालक येतात: ‘आमच्या मुलीला मागच्या रांगेत का उभे केले?’ मी काही तरी गुळमुळीत उत्तर देतो. यंदा ठरवले आहे, त्यांना बसवून मोझार्टची ती पहिली दोन मिनिटे ऐकवायची आणि विचारायचे, ‘यातला मधला स्वर काढून टाकू का?’