डांबरी रस्त्यातील ‘विल्हेवाट’ : एका परिभाषेचे परीक्षण

टाकाऊ प्लॅस्टिक डांबरी रस्त्यात मिसळण्याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ साली काढलेली मार्गदर्शिका अभियंत्यांसाठी आहे. तिचे तांत्रिक मूल्यमापन करण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. परंतु या विषयावर मराठीत जी निवेदने लिहिली जातात, त्यांतील ‘विल्हेवाट’ आणि ‘पुनर्चक्रण’ या दोन शब्दांची चिकित्सा भाषाभ्यासकाने करणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. मदुराईचे रसायनशास्त्रज्ञ राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या कोरड्या पद्धतीत तापविलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा चुरा टाकतात. तो मऊ होऊन खडीवर लेप धरतो व मग डांबर मिसळतात. पाण्यामुळे खडीवरून डांबर सुटण्याची क्रिया त्याने मंदावते. कोकणपट्टीच्या पावसात हा गुण लहान नव्हे. मार्गदर्शिकेने पीव्हीसी वर्ज्य मानले आहे, कारण तापल्यावर त्यातून विषारी द्रव्ये सुटतात. हा निषेध योग्यच. मात्र तो पाळला जाणे कचरा निवडणाऱ्या हातांवर अवलंबून आहे, आणि त्या हातांना आपल्या निवेदनांत क्वचितच कर्तृपद मिळते. प्लॅस्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के. १०० टन मिश्रणात डांबर ५ टन धरल्यास प्लॅस्टिक भरते ३०० ते ४०० किलो. एवढ्यावरून कचऱ्याचा प्रश्न सुटला म्हणणे ही अतिशयोक्ती होय.

जुन्या मराठीत ‘विल्हेस लावणे’ म्हणजे जिन्नस व्यवस्थित जागी लावणे. आज ‘विल्हेवाट’ म्हणजे वस्तू दृष्टीआड करणे, एवढाच अर्थ उरला आहे. रस्ता तर झिजतो. नवी मुंबईत पावसाचे पाणी सिडकोने बांधलेल्या धारण तलावांतून ठाणे खाडीत उतरते. तेथील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. झिजेचे कण त्याच वाटेने जाणार, आणि त्यांचे मापन झाल्यावाचून ‘विल्हेवाट’ हा पूर्णत्वाचा शब्द वापरणे सयुक्तिक नाही.

‘पुनर्चक्रण’ या शब्दाचीही तीच गत. जुना डांबरी थर खरवडून नव्या थरात घालणे हे खरे चक्र. मुंबई–गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात २०२४ साली खुला झालेला पोलादी मळीचा तुकडा हे दगडाऐवजी मळीचे उपयोजन. पिशवीची मात्र रस्त्यातून पुन्हा पिशवी होत नाही. तिला ‘अंतर्भाव’ हाच शब्द नेमका. निविदेत तो लिहिला, की पुढे थर खरवडताना निघणाऱ्या चुऱ्याचे काय करावयाचे, हा रकाना रिकामा दिसू लागेल आणि कोणाला तरी तो भरावा लागेल.