‘माकडताप’ : एका नावाची चिकित्सा

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलालगतच्या गावांत तीव्र तापाची साथ उद्भवली आणि त्याच सुमारास रानात वानरे व माकडे मरून पडलेली आढळली. दक्षिण अमेरिकेत अशी मर्कटमृत्यूची वार्ता पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. त्यामुळे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील वर्क, ट्रॅपिडो प्रभृतींना प्रथम तीच शंका आली. हाती आला तो विषाणू मात्र निराळा, रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कज्वराच्या कुळातला होता.

लोकांनी रोगाला ‘माकडताप’ म्हटले, आणि नावाबरोबर कार्यकारणभावही गृहीत धरला गेला. वस्तुतः माकड हे या रोगाचे उगमस्थान नव्हे. ते माणसाइतकेच, किंबहुना अधिकच, त्याचे भक्ष्य आहे. जो प्राणी संसर्गाने इतक्या त्वरेने मरतो, तो विषाणूचा दीर्घकालीन आश्रयदाता ठरणे कठीण. माकडाच्या रक्तात विषाणू विपुल वाढतो व गोचिडांना तो मिळतो. माकड मेले की त्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची बनते. हा दोष नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रसारक आणि मूळ यांत भेद आहे. विषाणू टिकतो तो मुख्यतः गोचिडांत व त्यांना पोसणाऱ्या उंदीर-चिचुंदरीसारख्या लहान प्राण्यांत; त्यांपैकी एकाच प्राण्याकडे निर्विवादपणे बोट दाखविता आलेले नाही. रानात चरणारी गुरे स्वतः विषाणू फारसा पसरवीत नाहीत, पण प्रौढ गोचिडांना पोसून त्यांची संख्या वाढवितात. गुरांचे नाव मात्र रोगाला कोणी दिले नाही!

विषाणूच्या पूर्वपीठिकेचा प्रश्न याहून वेगळा. सैबेरियाकडून येणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांबरोबर तो नुकताच आला असावा, ही प्रारंभीची उपपत्ती आकर्षक होती; तिचा आधार मुख्यतः कुलसाम्य एवढाच होता. पुढे १९९० नंतरच्या दशकात सौदी अरेबियात अल्खुर्मा विषाणू सापडला. तो क्यासनूरच्या विषाणूचा रशियन विषाणूपेक्षा कितीतरी निकटचा आप्त ठरला, आणि दोहोंची फारकत काही शतकांपूर्वीची असावी, असे जनुकीय अनुमान निघाले. म्हणजे १९५७ हे वर्ष रोग ओळखला गेल्याचे आहे. विषाणूच्या आगमनाचे ते असेलच असे नाही. मूळ उपपत्तीत या दोन तारखांची गल्लत झालेली दिसते.

२०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग या तालुक्यांत साथ आली, तेव्हाही प्रथम नजर गेली ती मेलेल्या माकडांकडेच. इशारा म्हणून ती योग्य जागी होती. पायांखालच्या पाचोळ्याकडे मात्र ती उशिरा वळली, तर त्यात या नावाचा वाटा थोडा नाही.