‘पळून जाणे’ आणि ‘पळवून नेणे’ : मराठी नाट्य-चित्रपटांतील गुप्तविवाह व वैधतेचा प्रश्न

किशोरवयीन मुलगा व मुलगी घरच्यांना न कळविता निघून जातात, कोठेतरी देवळात एकमेकांना माळा घालतात, आणि मागे राहिलेले गाव एकच प्रश्न विचारते : हे लग्न कायदेशीर आहे काय ? वरवर पाहता हा प्रश्न न्यायशास्त्राचा आहे, वाङ्मयविचाराचा नव्हे. तथापि मराठी संगीत नाटकाची काही उत्कृष्ट कथानके नेमकी याच प्रश्नावर उभी आहेत, आणि अलीकडच्या काळात सर्वाधिक गाजलेला मराठी चित्रपटही त्याच प्रश्नाभोवती फिरतो. या कृतींनी प्रश्नाला काय उत्तर दिले, आणि काय द्यावयाचे टाळले, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

आरंभी भाषेकडे पाहू. या घटनेसाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत. ‘ती पळून गेली’ हे एक, आणि ‘त्याने तिला पळवून नेले’ हे दुसरे. पहिल्यात मूळ धातू आहे आणि कर्तृत्व मुलीचे आहे. दुसऱ्यात प्रयोजक धातू आहे आणि मुलगी केवळ कर्म आहे. भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या गावात अशी घटना घडली, तर पहिले वाक्य मुलाच्या घरी आणि दुसरे मुलीच्या घरी ऐकू यावे, हे स्वाभाविकच होय. पोलिसांच्या कागदात कोणते वाक्य उतरते, यावर पुढील सारे अवलंबून असते. धातूच्या मूळ व प्रयोजक रूपांतील हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. आपल्या नाट्यपरंपरेची आणि आपल्या कायद्याचीही अडचण त्यात सामावलेली आहे.

१

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२) हे आपले आद्य ‘हरण’-नाट्य म्हणावयास हरकत नाही. महाभारताच्या आदिपर्वात स्वयंवराचा भरवसा नाही, क्षत्रियाला हरणही प्रशस्त आहे, असा सल्ला कृष्ण अर्जुनास देतो. सुभद्रेला काय वाटते, हे तेथे विचारले जात नाही. किर्लोस्करांनी येथे एक मोठा फरक केला. त्यांची सुभद्रा आरंभापासूनच अर्जुनावर अनुरक्त आहे, आणि बलरामाने दुर्योधनाशी ठरविलेला विवाह तिला नको आहे. म्हणजे मूळ कथेतील हरण नाटककाराने प्रेमविवाहात रूपांतरित केले. सुभद्रेला इच्छा दिली.

परंतु त्यांनी तिला पाय दिले नाहीत, असेच म्हणावे लागते. नाटकाची सारी हालचाल कृष्णाच्या योजनेने होते : घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो, अर्जुन यतिवेषाने अंतःपुराजवळ येतो, आणि बलरामाचा संताप शमविण्याचे कामही अखेर कृष्णच करतो. सुभद्रा मनाने पळून गेलेली असते, पण रंगभूमीवर ती पळविलीच जाते. पालकाच्या संमतीवाचून झालेला विवाह वैध कसा, या प्रश्नाला सौभद्राचे उत्तर असे, की पालकांपैकीच एकाची संमती गुप्तपणे आधीपासून होती. हे उत्तर गोड आहे. पण ज्यांच्या घरी कृष्ण नाही त्यांना ते उपयोगी पडत नाही.

२

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाचा मार्ग निराळा आहे. येथे पळून जाणे नाही. येथे बापच मुलीला द्रव्याच्या लोभाने वृद्ध भुजंगनाथाच्या हवाली करतो. शारदा लग्नमंडपातून बाहेर पडते ती कोदंडाकडे जाण्यासाठी नव्हे, तर जीव देण्यासाठी. कोदंड तिला वाचवितो. आणि मग ती विवाहित आहे की कुमारिका, हा प्रश्न उभा राहतो. सप्तपदी झालेली नसल्याने विवाह पूर्ण झालाच नाही, असा निर्णय शंकराचार्यांकडून येतो, आणि शारदा मोकळी होते.

या शेवटावर कृत्रिमतेचा आक्षेप घेता येतो. आमच्या मते कायद्याच्या दृष्टीने पाहता देवलांची जाण येथे असामान्य आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या सातव्या कलमात हेच तत्त्व आहे : ज्यांच्या विधींत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातव्या पावलाबरोबर पूर्ण व बंधनकारक होतो. १९६५ साली ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात आवश्यक विधींवाचून झालेला, गांधर्व म्हणविला जाणारा विवाह सर्वोच्च न्यायालयाने विधिवत् मानला नाही. आणि २०२४ मध्ये, विधी झाले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. तथापि देवलांचा तोडगा किती निसटता आहे, हेही विसरता कामा नये. शारदा सुटली ती तिला नको होते म्हणून नव्हे, तर विधी अपुरा राहिला म्हणून. सातवे पाऊल पडले असते, तर त्या शास्त्राजवळ तिच्यासाठी शब्द नव्हता.

३

आता शहापूरची एक कल्पित जोडी घेऊ : मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीस वर्षांचा, आणि लग्न वैदिक विधींनी यथासांग झालेले. हे लग्न वैध काय ? १९५५ च्या अधिनियमात १९७८ च्या दुरुस्तीने वयाची अट मुलीस १८ व मुलास २१ अशी झाली. परंतु वय कमी असणे हे विवाह शून्य ठरण्याचे कारण म्हणून त्यात दिलेले नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ (अंमल १ नोव्हेंबर २००७ पासून) असा विवाह शून्यनीय ठरवितो : लग्नसमयी जो पक्ष अल्पवयीन होता तो सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करून विवाह रद्द करवू शकतो, अर्ज न केल्यास विवाह टिकतो. हीच जोडी १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली गेली असती, तर मात्र विवाह मुळातच शून्य ठरला असता. त्या वीस वर्षांच्या मुलाची स्थिती तर विलक्षणच आहे : २००६ च्या अधिनियमात एका कलमाने तो स्वतःच ‘बालक’ आहे, आणि दुसऱ्या कलमाने बालिकेशी विवाह करणारा अठरा वर्षांवरील शिक्षापात्र पुरुष आहे. याशिवाय २०१२ चा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा अठराखालील मुलीची संमती मानीत नाही, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर विवाह हाही बचाव उरलेला नाही.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे आहे ते २००६ च्या अधिनियमाचे बारावे कलम. अल्पवयीनास कायदेशीर पालकाच्या ताब्यातून नेऊन वा फूस लावून, बळाने वा फसवणुकीने, किंवा लग्नासाठी विकून विवाह केला असेल, तर तो मुळातच शून्य होय. या कलमाने शारदेला अखेर न्याय मिळतो. सप्तपदी झाली असती तरी विक्रीच्या कारणाने तिचे लग्न शून्य ठरले असते. पण याच कलमाची दुसरी बाजू अशी, की आईबापांनी थाटामाटाने लावलेला सतराव्या वर्षीचा विवाह केवळ शून्यनीय, आणि त्याच मुलीने स्वतः निवडलेला विवाह मात्र, ‘नेले’ असे सिद्ध झाल्यास, शून्य. दोन्हींत वय तेच. फरक पालकाच्या इच्छेचा आहे. बालविवाहाविरुद्ध केलेल्या कायद्यात बालपणापेक्षा पालकाचा ताबा अधिक बोलतो, असे येथे दिसते.

मग ‘नेले’ म्हणजे काय ? ‘वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य’ (१९६४) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीला ‘नेणे’ आणि तिला आपल्याबरोबर ‘येऊ देणे’ यांत भेद केला. काय करीत आहोत हे समजणारी, सज्ञानतेच्या उंबरठ्यावरील मुलगी स्वतः होऊन निघून आली असेल, तर तो तिला पळवून नेण्याचा गुन्हा नव्हे. न्यायालयाने इंग्रजीत जो भेद परिश्रमाने मांडला तो मराठीच्या धातूंत आधीच होता. मात्र असे लग्न बाराव्या कलमात येते की नाही, याविषयी उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत.

४

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) या परंपरेत ठेवून पाहिला म्हणजे त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. आर्ची ही पळविली जाणारी नायिका नव्हे. ट्रॅक्टर चालविणारी, पिस्तूल रोखणारी, परश्याला ओढून घेऊन जाणारी अशी ती आहे. मूळ धातूची कर्ती मराठी पडद्यावर इतक्या ठसठशीतपणे क्वचितच आली असेल. हैदराबादेस गेल्यावर ती काम करते, भांडते, सोडून निघते आणि परत येते. हे परतणेही तिचेच. त्यानंतर दोघे निबंधकाच्या कचेरीत विवाह नोंदवितात.

चित्रपटाचे मर्म यानंतर आहे. विवाह कायदेशीर आहे, संसार आहे, मूल आहे. आणि तरीही भाऊ घरी येऊन दोघांना मारतो. गावाने विचारलेला प्रश्न मुळी कायद्याचा नव्हताच, हे मंजुळे दाखवितात. ‘कायदेशीर आहे काय’ याचा अर्थ ‘आम्ही मान्य करतो काय’ एवढाच होता, आणि त्या मान्यतेमागे जात उभी होती. येथपर्यंत चित्रपट निर्विवाद थोर आहे. उणीव अशी, की वयाचा प्रश्न त्याने हाताबाहेर जाऊ दिला. महाविद्यालयात नुकतीच गेलेली ही मुले किती वर्षांची, हे प्रेक्षक विचारीत नाही, कारण कथेने त्याला विचारू दिलेले नाही. जातीच्या क्रौर्याविरुद्ध आपली सहानुभूती इतकी एकवटते, की सोळा-सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलण्याचा हक्क त्या मुलीला असावा की नाही, हा प्रश्न दबून जातो.

५

शहापूर ज्या झाडीपट्टीच्या उंबरठ्यावर आहे, तेथे धानाची कापणी झाली की मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात, आणि प्रेम, कूळ व पळून जाणे हे त्या रंगभूमीला अपरिचित विषय नव्हेत. मध्य भारतातील गोंडादी समाजांत ‘पैठू’ नावाची एक रीत नोंदलेली आहे : मुलगी स्वतःच्या पायांनी इच्छित पुरुषाच्या घरात शिरते, आणि समाज दंड व जेवण घेऊन तो विवाह मानतो. अनुसूचित जमातींना १९५५ चा अधिनियम सामान्यतः लागू नाही. २००६ चा मात्र त्यांनाही लागू आहे. पैठूचा गौरव करण्याचे कारण नाही; तीतही वयाचा विचार नव्हता. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की त्या शब्दात चालत येणारी मुलगी आहे, उचलून आणलेली नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो. विधी पूर्ण झाला काय, वय पुरे होते काय, आणि कोणाच्या ताब्यातून ती गेली, असे हे तीन प्रश्न आहेत. देवलांनी पहिला सोडविला, किर्लोस्करांनी तिसरा गोड करून टाळला, मंजुळे यांनी त्याची रक्तरंजित किंमत दाखविली. दुसऱ्या प्रश्नावरचे नाटक अद्याप लिहिले गेले नाही. २००६ च्या तिसऱ्या कलमाने मुलीच्या हाती एक अर्ज दिला आहे : अठरा ते वीस या दोन वर्षांत, बापाने लावलेले असो की स्वतः निवडलेले असो, ते लग्न तिने ठेवावे किंवा मोडावे. ग्रामीण महाराष्ट्रात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला आहे. म्हणजे रंगमंचही गावातच तयार आहे. पळून गेलेली मुलगी परत येऊन ‘मी गेले होते, आणि आता मी ठरविते’ असे म्हणते, या वाक्यात मूळ धातू दोन्ही वेळा तिचाच राहतो. हे वाक्य मराठी रंगभूमीवर उच्चारले जावयाचे आहे. तोवर ‘हे लग्न कायदेशीर आहे काय’ असे विचारताना आपण तिच्याखेरीज इतर सर्वांना विचारीत राहणार.